हसला

रास अल खैमाच्या फरशी-कारखान्यात
सेवुगन भट्टीवर, मी तपासणीला.
तो अकराशे अंश सांभाळतो,
मी बोटाच्या पेरानं फरशी वाजवून
तडा ऐकतो.
खोली एकच, खाटा चार,
आणि त्याच्या खाटेखाली तीन दिवसांपासून
तोंडाला फडकं बांधलेला एक डबा.

आत काय, ते पहिल्याच रात्री नाकाला कळलं होतं.
भिजवून, लुंगीवर पंख्याखाली सुकवलेले तांदूळ,
मोइनुद्दीनच्या मिक्सरात दळलेले, तीनदा चाळलेले,
गुळाचा पाक, सुंठ, वेलची.
अधिरसम, तो म्हणाला.
मी म्हटलं, हे तर अनारसे.
नाही. अधिरसम.
बरं बाबा.

आमच्या इस्लामपुरात वर खसखस लागते.
इथे खसखस आणता येत नाही.
चिमूटभर खसखशीपायी विमानतळावरून
थेट आत गेलेल्या कुणाची तरी गोष्ट
दर दिवाळीला कुणीतरी सांगतंच.
सात वर्षं मी अनारशाचं नावही काढलं नव्हतं.
आणि हा बघा,
खसखशीवाचून ज्याचं काही अडत नाही
असा त्याचा मावसभाऊ
माझ्या उशापासून चार हातांवर मुरत पडलेला.

लेकीचा दिवाळसण होता.
त्यांच्यातही पहिल्या दिवाळीला
जावई सासऱ्याच्या दारी येतो.
सासरा इथे.
रजा मागायला गेला तर साहेब म्हणाला,
मग भट्टी विझवू का?
हा काही बोलला नाही.
येताना दोन किलो गूळ घेऊन आला.

चतुर्दशीच्या पहाटे दोनला
सामाईक स्वयंपाकघरात
तेलाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.
तिकडे साडेतीन.
वळ्ळियम्मै जागी, लेक जागी,
जावई अजून झोपलेला.
केळीचं पान नव्हतं,
दुधाच्या पिशवीवर त्यानं गोळा थापला,
कडेनं अलगद सोडला.

वर आला. फुगला.
मग सुटला,
कढईभर झाला.

दुसरा तसाच.
तिसऱ्याला फोनमधून कुणी काही बोलेना.
अकराशे अंशांचा माणूस
कॉइलच्या त्या लालसर वेटोळ्याकडे
नुसता बघत राहिला.

मी म्हटलं, आमच्यात याला काय म्हणतात ठाऊक आहे?
हसला. अनारसा हसला.
आमच्या मोडक्या हिंदीतून हे पलीकडे न्यायला
थोडा वेळ गेला.
का हसेल? त्यानं विचारलं. कुणाला?
मला सांगता येईना.
आई म्हणायची, तेव्हा आम्ही विचारलं नव्हतं.

त्यानं ते तमिळमध्ये फोनला सांगितलं.
आधी लेक हसली, तोंडावर हात धरून,
मग तिची आई,
मग झोपेतून उठून आलेलं
एक जाड, अनोळखी हसू.
जावई, तो मला म्हणाला,
आणि पदरासारखं खांद्यावरचं पंचं सावरलं.
स्वतः हसला नाही.
डब्यात दोन मुठी कोरडं पीठ टाकून
पुन्हा मळायला बसला.

चौथा टिकला.
दोन वाट्यांच्या बुडांत दाबून तेल निथळलं,
फोनसमोर धरला.
तिथून कुणी उचलून घेणार नव्हतं,
तरी बराच वेळ धरून ठेवला.
मग माझ्या हातात दिला.
सवयीनं मी तो कानाशी नेला, पेरानं वाजवला.
काही ऐकू आलं नाही.
मऊ होता.

हसलेल्यांचा चुरा आम्ही दोघांनी चमच्यानं खाल्ला.
तोच जास्त गोड लागला, असं काही नाही.
जरा करपला होता.

सहाला कारखान्याच्या दारात
हजेरीच्या यंत्रावर त्याचा अंगठा उमटेना.
पुसला, पुन्हा ठेवला.
पँटला घासला, पुन्हा.
यंत्र एकच वाक्य बोलत राहिलं,
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग वाढत चालली,
कुणीतरी ओरडलं.
त्यानं अंगठा नाकाशी नेऊन वास घेतला
आणि तेव्हा कुठे हसला.